वाचकांचे प्रश्न: व्हिसाचं सीलबंद पाकीट फुटलं तर

मुंबईच्या अमेरिकन कॉन्सुलेटमधून इमिग्रंट व्हिसा लागलेल्या घरांतून या वेळी बरीच पत्रं आली. त्यांतली बहुतेक एकाच वस्तूभोवती फिरतात: पासपोर्टाबरोबर हातात पडणारं सीलबंद पाकीट. पर्यटक, विद्यार्थी किंवा एच-वन व्हिसावर जाणाऱ्यांना ते मिळत नाही. ते मिळतं कायमचं राहायला जाणाऱ्यांना, आणि के-वन व्हिसावर म्हणजे तिकडे जाऊन लग्न करणाऱ्यांना. म्हणून शेजारचा मुलगा चार वेळा अमेरिकेला जाऊन आला असला, तरी या पाकिटाबद्दल त्याचा सल्ला घेऊ नका. त्याने ते कधी पाहिलेलंच नसतं.

प्रश्न: सूनबाईचा ग्रीन कार्डाचा व्हिसा झाला. पार्सल आलं तेव्हा ती माहेरी होती. देवापुढे ठेवायचं म्हणून मी कात्रीने वरची प्लास्टिकची पिशवी कापली, तर त्याच फटक्यात आतलं पाकीटही वरून कापलं गेलं. ‘उघडू नका’ असं त्यावर इंग्रजीत लिहिलंय, हे सूनबाई आल्यावर कळलं. तोवर मी कागद बाहेर काढून पाहिले होते. आता परत आत ठेवलेत. मुलगा फोनवर म्हणतो, फेविकॉल लावून टाक, कुणाला कळतंय! बारा दिवसांनी विमान आहे. सूनबाई काही बोलत नाही, पण तिचा चेहरा उतरलाय.
— एक सासूबाई, जेल रोड, नाशिकरोड

उत्तर: फेविकॉल नको. सेलोटेप नको, स्टेपल नको, इस्त्री फिरवून कडा चिकटवणं तर अजिबात नको. कात्रीने सरळ कापलेलं पाकीट पाहिलं की अपघात झाला हे कुणालाही दिसतं. कापून पुन्हा चिकटवलेलं पाकीट पाहिलं की कुणीतरी काहीतरी लपवलंय असं दिसतं. विमानतळावरच्या अधिकाऱ्याचं कामच मुळी असे फरक ओळखण्याचं आहे, आणि तो दिवसभर अशीच पाकिटं हाताळतो.

आत काय होतं हे तुम्ही पाहिलंच आहे: मुलाने भरलेला आय-१३० अर्ज, सूनबाईचा डीएस-२६० अर्ज, खर्चाची हमी देणारा आय-८६४, जन्माच्या व लग्नाच्या दाखल्याच्या प्रती, पोलिसांचं प्रमाणपत्र, मेडिकलचा अहवाल. यातलं बहुतेक तुम्हीच दिलेलं, म्हणजे गुपित असं काही नाही. सील असतं ते कागद कुणाच्या ताब्यात होते, याची खूण म्हणून. मुंबईत ज्या अधिकाऱ्याने मुलाखत घेतली त्याने पाहिलेले कागद आणि अमेरिकेत उतरल्यावर तिथला अधिकारी पाहणार ते कागद हेच, मधे कुणी घातला नाही, कुणी काढला नाही, एवढंच ते सांगतं. दहावी-बारावीच्या परीक्षेत प्रश्नपत्रिकांचं पाकीट वर्गात दाखवून, सह्या घेऊन मग फोडतात, तोच प्रकार. तिथेही पाकीट आधी फुटलेलं निघालं, तर आतल्या प्रश्नपत्रिका जशाच्या तशा असल्या तरी चौकशी होतेच. तुम्ही नाशिकरोडच्या, भारताचे पासपोर्ट छापणारी प्रेस तुमच्या शेजारी आहे. मोहोरबंद कागदाचं महत्त्व काय, हे तिथे नोकरी केलेल्या कुठल्याही काकांना विचारा.

आता करायचं ते असं. पाकिटातले कागद पुन्हा बाहेर काढू नका. मोजायला नको, झेरॉक्स काढायला नको, ‘एकदा फोटो काढून ठेवू’ म्हणूनही नको. काढताना क्रम बदलला असेल तर जुळवत बसू नका. पिना निघाल्या असतील तर त्या नव्याने मारू नका. आहे तसं कापलेलं पाकीट एका मोठ्या पारदर्शक फोल्डरमध्ये सरकवा, कापलेली बाजू वर राहू द्या. एका साध्या कागदावर चार ओळी लिहा: कोणत्या तारखेला, कुणाकडून, कशाने कापलं गेलं, कागद बाहेर आले का, आत परत सगळे गेले का. खाली तुमची आणि सूनबाईची सही. हा कागद पाकिटात घालायचा नाही, फोल्डरमध्ये वेगळा ठेवायचा.

मग त्याच दिवशी मुंबई कॉन्सुलेटच्या इमिग्रंट व्हिसा विभागाला ईमेल करा. ईमेल सूनबाईच्या नावाने जाऊ द्या, कारण व्हिसा तिचा आहे. विषयाच्या ओळीत केस नंबर लिहा. मुंबईच्या केसचा नंबर बीएमबी या अक्षरांनी सुरू होतो आणि तो पासपोर्टमधल्या व्हिसाच्या स्टिकरवरही छापलेला असतो. मजकुरात पासपोर्टवर आहे तसं पूर्ण नाव, जन्मतारीख, पासपोर्ट नंबर, व्हिसाची शेवटची तारीख, विमानाची तारीख आणि काय घडलं ते चार वाक्यांत. पाकिटाचे दोन फोटो जोडा, पुढच्या बाजूचा आणि कापलेल्या कडेचा. कागदांचे फोटो जोडू नका. साधारणपणे पाकीट आणि पासपोर्ट दोन्ही परत मागवून घेतात, कागद तपासतात आणि नव्याने सील करून देतात. कुठे आणि कसं जमा करायचं हे उत्तरात येईल. ते आल्याशिवाय सकाळची पंचवटी एक्सप्रेस धरून बीकेसीतल्या कॉन्सुलेटला जाऊ नका. अपॉइंटमेंट नसेल तर गेटच्या आत सोडत नाहीत, आणि दिवस वाया जाईल तो वेगळाच.

पासपोर्ट तिकडे असेपर्यंत विमान नाही, हे उघड आहे. बारा दिवसांत हे सगळं होईल अशी आशा धरून तिकीट तसंच ठेवू नका. आजच तारीख पुढे ढकलण्याचा दंड किती ते विमान कंपनीला विचारा. प्रवासाचा दिवस जवळ येतो तसा तो बहुधा वाढतो. तारीख किती पुढे न्यायची हे स्टिकरवरच्या शेवटच्या तारखेवरून ठरवा. इमिग्रंट व्हिसा जास्तीत जास्त सहा महिन्यांचा असतो, पण तो मेडिकलच्या मुदतीला बांधलेला असल्यामुळे बऱ्याच जणांच्या हातात त्याहून कमी दिवस उरतात. ही मुदत वाढवून मिळत नाही. ती उलटली तर व्हिसाची फी, म्हणजे कुटुंबाच्या केसमध्ये ३२५ डॉलर, पुन्हा भरून आणि मेडिकल जुनं झालं असेल तर तेही पुन्हा करून नवा व्हिसा मागावा लागतो. म्हणून शेवटच्या तारखेच्या आधी निदान दोन आठवडे मोकळे राहतील असा दिवस धरा.

तसंच उघडं पाकीट घेऊन गेलं तर? पाकीट फुटलं म्हणून पासपोर्टमधला व्हिसा आपोआप रद्द होत नाही, आणि मुंबईच्या विमानतळावर एअरलाइनवाले बहुधा व्हिसाचं पानच बघतात. त्यामुळे ती विमानात बसेलही. प्रश्न उतरल्यावर येतो. तिथल्या अधिकाऱ्याला सर्वाधिकार असतात. तो चौकशी करून, रेकॉर्डशी ताडून सोडू शकतो, तासन्‌तास आतल्या खोलीत बसवू शकतो, पुढची तारीख देऊन पुन्हा बोलावू शकतो, आणि मनातली शंका फिटलीच नाही तर प्रवेश नाकारू शकतो. नवी नवरी, एकटी, चोवीस तासांचा प्रवास करून उतरलेली. आमचं मत स्पष्ट आहे: ही जोखीम घेण्यापेक्षा तिकिटाचा दंड स्वस्त.

आणि ‘कस्टमवाल्यांनी फोडलं म्हण’ असं कुणी शिकवलं तर ते ऐकू नका. पाकीट फुटणं ही चूक आहे, ती दुरुस्त होते. अधिकाऱ्याला खोटं सांगून प्रवेश मिळवणं हा त्यांच्या कायद्यात आयुष्यभर चिकटणारा ठपका आहे.

तुम्ही विचारलेलं नाही, तरी एक. सूनबाईच्या व्हिसावर सीआर-१ लिहिलंय का पाहा. लग्नाला दोन वर्षं व्हायच्या आत प्रवेश केला तर सीआर-१, म्हणजे दोन वर्षांचं सशर्त कार्ड मिळतं, आणि ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत आय-७५१ हा अर्ज भरावा लागतो. या गडबडीत तारीख पुढे गेली आणि मधेच लग्नाचा दुसरा वाढदिवस उलटून गेला, तर उतरल्यावर तिने लग्नाचा दाखला दाखवून आयआर-१ चा शिक्का मागावा. मग कार्ड सरळ दहा वर्षांचं येतं आणि तो अर्ज भरावा लागत नाही. तुमच्या कात्रीने एवढं एक बरं केलं असं म्हणायची वेळही येऊ शकते.

प्रश्न: माझा आणि मिसेसचा व्हिसा झाला. पासपोर्ट परत आले, पण पाकीट आलंच नाही. फॉर्म भरून देणारे गृहस्थ म्हणतात, कुरिअरमध्ये गहाळ झालं असणार, तक्रार करू. भाच्याला २०१६ साली चांगलं जाडजूड पाकीट मिळालं होतं.
— एक वाचक, सिडको, नाशिक

उत्तर: तक्रार करण्याआधी पासपोर्टमधला व्हिसा उघडा आणि खालच्या भागात छापलेली टीप वाचा. ‘आयव्ही डॉक्स इन सीसीडी’ असे इंग्रजी शब्द दिसतील. सीसीडी म्हणजे कॉन्सुलर कन्सॉलिडेटेड डेटाबेस. तुमचे सगळे कागद तिथे संगणकावर आहेत, उतरल्यावर अधिकारी ते पडद्यावर पाहील आणि तुम्हाला पाकीट न्यायची गरज नाही. आता बऱ्याच केसेस अशाच निघतात. भाच्याची केस कागदी पद्धतीची होती, एवढाच फरक.

दोघांच्याही स्टिकरवर ती टीप आहे ना, वेगवेगळं तपासा. एकाच्या व्हिसावर ती नसेल आणि पाकीटही नसेल, तरच काळजीचं कारण. मग केस नंबर देऊन कॉन्सुलेटला ईमेल करा आणि उत्तर येईपर्यंत निघू नका. पाकीट नसलं तरी दाखल्यांच्या मूळ प्रती हातातल्या बॅगेत ठेवाच.

प्रश्न: ग्रीन कार्डाची फी ऑनलाइन भरायची आहे. त्यासाठी ‘ए नंबर’ मागतात. तो सीलबंद पाकिटात असतो असं कळलं. फी भरण्यापुरतं हळूच उघडलं तर चालेल का? शिवाय नाव वगैरे बरोबर आहे का तेही बघता येईल.
— एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर: चालणार नाही, आणि गरजही नाही. पाकिटं फुटण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे, म्हणून सविस्तर सांगतो. व्हिसाच्या स्टिकरवरच दोन नंबर असतात. ‘रजिस्ट्रेशन नंबर’ या शीर्षकाखाली ए अक्षराने सुरू होणारा असतो तोच ए नंबर. ‘आयव्ही केस नंबर’ या शीर्षकाखाली तीन अक्षरं आणि पुढे आकडे असतात तो केस नंबर. फी भरायला हे दोनच लागतात. १ एप्रिल २०२४ पासून ही फी माणशी २३५ डॉलर आहे. अमेरिकेच्या यूएससीआयएस या खात्याच्या वेबसाइटवर कार्डाने भरता येते आणि तिकडचे नातेवाईकही तुमच्यासाठी भरू शकतात. निघण्याआधी भरावी हे उत्तम. राहून गेली तर विमानतळावर अडवत नाहीत, पण ती भरेपर्यंत कार्ड छापलं जात नाही. तोवर चालवायला पासपोर्टमधला प्रवेशाचा शिक्का असतो: शिक्का मारलेला व्हिसा हाच वर्षभर कायम वास्तव्याचा पुरावा मानला जातो.

नावाची तपासणीही स्टिकरवरच करायची. आडनाव, नाव, जन्मतारीख, लिंग, पासपोर्ट नंबर, व्हिसाचा प्रकार, एकेक अक्षर पासपोर्टाशी ताडून पाहा. चूक दिसली तर निघण्याआधी कॉन्सुलेटला कळवून दुरुस्त करून घ्या. तिकडे गेल्यावर तीच चूक कार्डावर उतरते आणि मग निस्तरायला महिने लागतात. एक गोष्ट मात्र चूक समजू नका. आपल्याकडे जुन्या पासपोर्टांत कधीकधी आडनावाचा रकाना रिकामा असतो आणि सगळं नाव एकाच ओळीत असतं. अशा वेळी व्हिसावर ते अख्खं नाव आडनावाच्या जागी जातं आणि नावाच्या जागी ‘एफएनयू’, म्हणजे ‘फर्स्ट नेम अननोन’, छापलं जातं. ही त्यांची रीतच आहे. ते नको असेल तर आधी पासपोर्टात आडनाव वेगळं करून घ्यायला हवं होतं. आता व्हिसा लागल्यावर पासपोर्ट बदलण्याच्या भानगडीत पडू नका.

प्रश्न: मोठ्या भावाने आमच्यासाठी फाइल केली होती, इतक्या वर्षांनी नंबर लागला. आम्ही नवरा-बायको आणि दोन मुलं. चार पाकिटं मिळाली. मुंबईहून येताना कसाऱ्याला धो धो पाऊस, बॅग भिजली आणि दोन पाकिटांचे कोपरे ओले झाले. एकाचा कोपरा हाताच्या नखाएवढा फाटलाय. सील मात्र शाबूत आहे. परत पाठवायचं का?
— एक वाचक, देवळाली कॅम्प

उत्तर: सील आणि पाकिटाचे जोड शाबूत असतील आणि फाटलेल्या जागेतून कागद बाहेर येऊ शकत नसेल, तर ते उघडलेलं पाकीट नव्हे. वापरात कोपरे झिजतात, हे अधिकाऱ्यालाही कळतं. तरी दोन्ही पाकिटांचे फोटो काढून कॉन्सुलेटला एक ईमेल करून ठेवा. उत्तर आलं तर त्याप्रमाणे वागा, आणि त्या ईमेलची छापील प्रत बरोबर असू द्या.

ओली पाकिटं आडवी ठेवून पंख्याखाली वाळवा. उन्हात किंवा हेअर ड्रायरखाली नको, डिंक उकलतो आणि आपोआप सुटलेलं सील मुद्दाम सोडवल्यासारखंच दिसतं. वर वजन ठेवू नका. वाळल्यावर बोटाने दाबून न बघता नुसत्या नजरेने कडा पाहा. कुठे फट दिसली तर वरच्या सासूबाईंना दिलेलं उत्तर तुम्हालाही लागू. नंतर प्रत्येक पाकीट वेगळ्या झिप लॉकच्या पिशवीत ठेवा आणि पिशवीवर, पाकिटावर नाही, त्या व्यक्तीचं नाव लिहा. चार पाकिटांच्या घरात अदलाबदल फार होते. काउंटरवर पासपोर्ट एकाचा आणि पाकीट दुसऱ्याचं पुढे केलं की तिथून गोंधळ सुरू.

केस तुमच्या नावावर आहे, म्हणून तुम्ही मुख्य अर्जदार. बायको-मुलं तुमच्याबरोबर किंवा तुमच्यानंतर जाऊ शकतात, तुमच्या आधी नाही. मुलांची शाळा सुरू होतेय म्हणून त्यांना आणि आईला पुढे पाठवून स्वतः घराचे व्यवहार उरकून मागून जायचं, असा बेत असेल तर तो बदला.

प्रश्न: मुलाखत अजून व्हायची आहे. मेडिकल झालं आणि हॉस्पिटलने सीलबंद पाकीट आणि एक्स-रेची सीडी दिली. माझ्या डॉक्टर मेव्हण्याने अहवाल बघायचा म्हणून पाकीट उघडलं. आता?
— एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर: तुमचं प्रकरण त्यातल्या त्यात सोपं. हे पाकीट कॉन्सुलेटने नाही, नेमून दिलेल्या डॉक्टरांनी सील केलेलं आहे, आणि अहवालाची नोंद त्यांच्याकडे असते. पाकीट, पासपोर्ट आणि मेडिकलची पावती घेऊन त्याच हॉस्पिटलात जा, काय झालं ते सांगा आणि नव्याने सील करून मागा. मुलाखतीच्या खिडकीवर उघडं पाकीट देऊ नका. मेव्हणे कितीही मोठे डॉक्टर असोत, नेमणुकीच्या यादीत नसतील तर त्यांनी लावलेलं सील चालत नाही.

सीडीवर सील नसलं तर ती तुमच्याकडे ठेवायची आहे आणि प्रवासात हातातल्या बॅगेत न्यायची आहे. लसीकरणाच्या नोंदीची तुमची प्रत मात्र हॉस्पिटलमधून आत्ताच मागून घ्या. मुलांच्या शाळाप्रवेशाला तिकडे ती लागते, आणि पाकिटातली प्रत तुम्हाला परत मिळत नाही.

प्रश्न: आई-वडील पहिल्यांदाच विमानात बसणार आहेत. पाकीट मोठ्या बॅगेत तळाशी ठेवलं तर सुरक्षित राहील असं बाबांचं म्हणणं. अबू धाबीमार्गे तिकीट आहे. मुंबईत सिक्युरिटीवाल्यांनी उघडायला सांगितलं तर काय करायचं?
— एक वाचक, गंगापूर रोड, नाशिक

उत्तर: तळाशी ठेवलं तर सुरक्षित राहील, पण वेळेवर हाती लागणार नाही. अमेरिकेत उतरल्यावर आधी इमिग्रेशन आणि मग सामानाचा पट्टा. मोठी बॅग हातात पडेल तेव्हा पाकिटाची गरज संपलेली असायला हवी. म्हणून पासपोर्ट, पाकीट, सीडी आणि मूळ दाखले हातातल्या बॅगेत, आणि ती बॅग वरच्या कप्प्यात न टाकता सीटखाली. पाकीट दुमडू नका. ए-फोरपेक्षा मोठं, कडक पुठ्ठ्याचं फोल्डर रविवार कारंज्याजवळच्या कुठल्याही स्टेशनरीच्या दुकानात मिळेल.

मुंबईच्या सिक्युरिटीत पाकीट बॅगेसकट एक्स-रे मशिनमधून जातं, त्याने काही बिघडत नाही. उघडायला सांगितलंच तर पाकिटावरची सूचना आणि पासपोर्टमधला व्हिसा दाखवायचा आणि वरिष्ठांना बोलवा म्हणून शांतपणे सांगायचं. आई-बाबांसाठी हे वाक्य इंग्रजीत आणि हिंदीत कागदावर लिहून द्या.

अबू धाबीची गोष्ट वेगळी आहे, आणि ती माहीत नसली तर गडबड होते. तिथे अमेरिकेचंच इमिग्रेशन बसलेलं आहे, जानेवारी २०१४ पासून. म्हणजे पाकीट अमेरिकेत नाही, अबू धाबीलाच द्यायचं. तिथेच बोटांचे ठसे, फोटो, प्रश्न आणि शिक्का होतो, आणि अमेरिकेत उतरल्यावर देशांतर्गत प्रवाशासारखं सरळ बाहेर पडायचं. इमिग्रंट व्हिसावाल्यांना बहुतेकदा वेगळ्या खोलीत बसवतात. त्यात वेळ जातो, म्हणून पुढच्या विमानाआधी निदान तीन-साडेतीन तास हवेत. आतल्या खोलीत बोलावलं म्हणून आई घाबरतील; ते नेहमीचंच आहे हे आधी सांगून ठेवा. व्हीलचेअर मागितली असेल तर ढकलणाऱ्या माणसाच्या हातात फोल्डर देऊ नका. खोलीतून निघण्याआधी दोघांच्याही व्हिसाच्या पानावर शिक्का, तारीख आणि व्हिसाचा प्रकार उमटलाय ना, एवढं बाबांनी पाहावं.

प्रश्न: मी नर्सिंग केलंय. परदेशातल्या मूल्यमापनासाठी आरोग्य विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्टचं सीलबंद पाकीट घेतलं. घरी भावाने उघडलं. यालाही तोच नियम का?
— एक वाचक, सिन्नर

उत्तर: तत्त्व तेच, पण धावपळ कमी. मूल्यमापन करणारी संस्था पाकिटाच्या झाकणावर आडवी मारलेली सही आणि शिक्का पाहते. अर्धा शिक्का झाकणावर, अर्धा पाकिटावर. उघडलं की तो तुटतो. तुटलेला शिक्का असलेलं पाकीट पाठवलं तर ते बाद धरतात, आणि हे तुम्हाला कित्येक आठवड्यांनी कळतं. त्यामुळे ते पाठवूच नका. म्हसरूळच्या विद्यापीठात जुनं पाकीट घेऊन जा आणि नवी सीलबंद प्रत मागा. मुक्त विद्यापीठाची पदवी असेल तर तीच वाट गोवर्धनची. पाकिटावर मूल्यमापन संस्थेने दिलेला तुमचा संदर्भ क्रमांक बाहेरून लिहायचा राहून जातो, तो तपासा. आणि अर्जाच्या वेळीच संस्थेच्या सूचना नीट वाचा: कित्येक ठिकाणी विद्यापीठाने थेट पाठवलेले कागदच चालतात, तुमच्या हातून गेलेलं पाकीट सील शाबूत असलं तरी चालत नाही. घरच्यांना दाखवायला एक साधी, सील नसलेली प्रत जास्तीची घ्या.

प्रश्न: पाकिटं, पासपोर्ट सगळं जागेवर आहे. दोन महिन्यांनी आम्ही तिघं जाणार, केस माझ्या नावावर, मुलगी वीस वर्षांची. तिच्यासाठी चांगलं स्थळ आलंय, मुलगा नाशिकचाच. नातेवाईक इथे आहेत तोवर लग्न उरकून मग जावं, असं सगळे म्हणतात. व्हिसा तर मिळालाच आहे.
— एक वाचक, मेरी, पंचवटी

उत्तर: थांबा. तुमच्या मुलीला व्हिसा मिळालाय तो तुमचं अविवाहित अपत्य म्हणून. पाकिटातल्या अर्जातही तसंच लिहिलेलं आहे. अमेरिकेत प्रवेश होण्याआधी तिचं लग्न झालं, तर स्टिकर पासपोर्टमध्ये असलं तरी त्या व्हिसावर प्रवेश करण्याचा तिचा हक्क जातो. लग्नाची नोंदणी केली नाही, नुसता विधी केला, तरी फरक पडत नाही. आपल्या कायद्याने सप्तपदी झाली की लग्न झालं. आणि ते लपवून ती गेली, तर पुढे नवऱ्यासाठी अर्ज करताना लग्नाच्या दाखल्यावरची तारीख आणि पासपोर्टमधल्या शिक्क्याची तारीख शेजारी-शेजारी येतील. तिथे नवऱ्याचा अर्ज तर अडेलच, तिचं स्वतःचं कार्डही धोक्यात येईल.

साखरपुडा करायला काहीच हरकत नाही. मुलीला तुमच्याबरोबर जाऊ द्या, प्रवेशाचा शिक्का पडू द्या. नंतर ती लग्नासाठी नाशिकला परत येऊ शकते. येताना कार्ड हातात असलं तर उत्तम, नसलं तर शिक्का मारलेला व्हिसा वर्षभर चालतो. लग्नानंतर तिला नवऱ्यासाठी अर्ज करता येईल. त्या रांगेला वेळ लागतो, हे मुलाकडच्यांना आत्ताच मोकळेपणाने सांगा. आणि भटजींना विचाराल तेव्हा मुहूर्त तुमच्या परतीच्या तिकिटानंतरचाच मागा.